शेवाळ मारू नका, उपाशी ठेवा

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवर जाणे झाले. घरापुढे पेरूची बाग, गोठ्यात चार गायी आणि हाकेच्या अंतरावर प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे. कालव्याचे आवर्तन नुकतेच येऊन गेले होते, त्यामुळे तळे काठोकाठ भरलेले. सकाळी आठला पाहिले तेव्हा पाणी इतके नितळ होते की कागदाच्या घड्या खोलवर दिसत होत्या. दुपारी तीनला पुन्हा गेलो, तर पाण्यावर हिरव्या लोकरीचे पुंजके तरंगत होते. काही ताटाएवढे, काही चांगले घोंगडीएवढे.

"सकाळी नसतं, दुपारी वर येतं," घरचे काका म्हणाले. "ड्रिपची जाळी दिवसातून दोनदा धुवावी लागती. वैताग आला. आता मोरचूद आणून ठेवलंय."

गोठ्याच्या पत्र्याखाली निळ्या खड्यांची दहा किलोची पिशवी ठेवलेली होती. किती टाकणार, असे विचारले तर म्हणाले, "टाकू की सगळीच. अर्धवट काम कशाला?" आणि या तळ्याचे पाणी बागेशिवाय आणखी कशाला लागते? गायींना. धुण्याभांड्याला. उन्हाळ्यात पाणी उशिरा आले की फडक्याने गाळून प्यायलाही.

आजचा लेख त्या पिशवीबद्दल आहे.

पुणतांबा म्हटले की कुणाला चांगदेवांची समाधी आठवते, कुणाला १ जून २०१७ पासूनचा शेतकरी संप, तर कुणाला शिर्डीकडे फुटणारा रेल्वेचा फाटा. गाव गोदावरीच्या काठावर आहे, पण नदी शेजारी असली म्हणून पाणी रोज हाताशी असते असे नाही. कालव्याचे आवर्तन आले की भरून घ्यायचे आणि पुढचे येईपर्यंत पुरवायचे, असा या पट्ट्याचा हिशेब आहे. कोपरगाव शहराचे साठवण तलाव याच हिशेबावर चालतात आणि वस्तीवरची शेततळीही. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि घरालगतची तळी आणखी वाढली. शहरातल्या माणसाच्या परसात कमळाचे टाके असते, इथल्या माणसाच्या परसात बावीस लाख लिटरचे तळे. शेवाळाला दोन्ही सारखीच. साठलेले पाणी, ऊन आणि थोडे खत मिळाले की त्याचे भागते.

दुपारी वर येणारे हे हिरवे केस म्हणजे धाग्यांचे शेवाळ. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला स्पायरोगायरा आठवतो? पेशीत हिरव्या फितीची गुंडाळी असलेला तोच तो. हाताला बुळबुळीत लागले तर बहुधा स्पायरोगायरा. ओल्या कापसासारखे किंवा खरखरीत लागले तर क्लॅडोफोरा किंवा पिथोफोरा. मासे धरायच्या जाळ्यासारखी षटकोनी, पंचकोनी घरे दिसली तर हायड्रोडिक्टिऑन. त्याच्या नावाचा अर्थच 'पाण्यातले जाळे'. आपल्याकडच्या शेवाळांचा अभ्यास नवा नाही. कोल्हापूर परिसरातल्या शेवाळांवर एन. डी. कामत यांचा शोधनिबंध १९६३ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

सकाळी गायब आणि दुपारी हजर, याचे कारणही शाळेतलेच आहे. हे शेवाळ तळाला किंवा कागदाच्या उतारावर वाढते. ऊन चढले की प्रकाशसंश्लेषण जोरात सुरू होते, प्राणवायूचे बुडबुडे धाग्यांच्या गुंत्यात अडकतात आणि सगळी गादी फुग्यासारखी वर येते. रात्री बुडबुडे विरले की पुष्कळदा ती पुन्हा खाली बसते. म्हणजे सकाळी नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ते असतेच, फक्त तळाशी. रात्री मात्र उलटा कारभार चालतो. शेवाळ प्राणवायू देत नाही, उलट पाण्यातला वापरते. तळ्यात मासे असतील तर पहाटे ते पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसतात ते यामुळे.

कालव्याचे गढूळ पाणी तळ्यात स्थिरावले की गाळ खाली बसतो, ऊन थेट तळापर्यंत पोचते आणि पाण्यात आयते खत विरघळलेले असते. थंडी ओसरताना, ऊन वाढू लागले की हे शेवाळ एकदम उफाळते ते म्हणूनच. 'पाणी इतकं स्वच्छ आहे, मग शेवाळ कसं?' असे लोक विचारतात. पाणी स्वच्छ दिसते म्हणूनच. गढूळ पाण्यात उजेड खाली जात नाही.

आता मोरचूद. म्हणजे कॉपर सल्फेट. बोर्डो मिश्रणामुळे ते बागायतदाराच्या घरात असतेच. शेवाळावर त्याचा वापरही जुना आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी १९०४ मध्ये पाणीपुरवठ्याच्या तलावांसाठी ही पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. ती खोटी नाही. तांबे शेवाळाला मारते. प्रश्न आहे तो किती, कुठल्या पाण्यात आणि मेल्यानंतर काय, हा.

काकांच्या तळ्याचे गणित करून पाहू. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि एकास एक उतार असे तळे पूर्ण भरले तर त्यात २१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. मोरचुदाच्या खड्यात चौथा हिस्सा तांबे असते. दहा किलोच्या पिशवीत अडीच किलो. ते सगळे विरघळले तर लिटरमागे १.१ मिलिग्रॅमच्या आसपास तांबे होते. हे झाले भरलेल्या तळ्याचे. एप्रिलमध्ये पाणी दीड मीटरवर आले की आपण म्हणतो, तळे अर्धे झाले. पण बाजू उतरत्या असल्यामुळे प्रत्यक्षात उरलेले असते पावणेदहा लाख लिटर, अर्ध्याहून कमी. तीच पिशवी तेव्हा रिकामी केली तर लिटरमागे अडीच मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक संस्थेची तांब्याची योग्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २. मासे तर यापेक्षा कितीतरी कमी प्रमाणातही मरू शकतात. गायीला हे एवढे तांबे फारसे जाणवणार नाही, पण मेंढी या बाबतीत फार नाजूक असते. तिच्या यकृतात तांबे साठत जाते आणि एके दिवशी एकदम रक्तात उतरते. उन्हाळ्यात धनगरांची वाडी मुक्कामाला आली आणि कळप तळ्यावर पाणी प्यायला, काठावर न विरघळलेले निळे खडे चाटले, तर दोष कुणाला द्यायचा?

दुसरी अडचण आपल्या काळ्या जमिनीची. इथले पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. अशा पाण्यात तांब्याचा मोठा भाग शेवाळापर्यंत पोचण्याआधीच कार्बोनेट बनून तळाशी बसतो. शेवाळ थोडे पिवळे पडते, पंधरा दिवसांत पुन्हा हिरवे होते. मग माणूस आणखी एक पिशवी आणतो. तांबे हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही की उडून जात नाही. ते गाळात साठते आणि तोच गाळ आपण उन्हाळ्यात उपसून शेतात टाकतो.

आणि समजा शेवाळ खरोखरच सगळे एकदम मेले. शेकडो किलो ओला पाला पाण्यात बुडून कुजू लागतो. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढतात, मासे मरतात, पाण्याला सडकी अंड्यांची दुर्गंधी येते. शेवाळाने वर्षभर खाल्लेले नत्र आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात मोकळे होतात. म्हणजे पुढच्या पिकाला आपणच खत घातले.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याजवळ पाम आयलंड नावाचे बेट आहे. १९७९ च्या नोव्हेंबरात तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ दाटले. पाण्याला वास येतो, चव बिघडली, अशा तक्रारी आल्या म्हणून धरणात मोरचूद टाकले गेले. काही दिवसांतच गावातली मुले आजारी पडू लागली. उलट्या, सुजलेले यकृत, नंतर रक्ताची हगवण, मूत्रपिंडावर परिणाम. एकूण १४८ जणांना बाधा झाली आणि त्यात १३८ मुले होती. आधी काविळीसारखे दुखणे वाटले, पण कारण सापडेना. पुढे संशोधनात त्या धरणात एक विषारी नील-हरित जिवाणू सापडला. तो जिवंत असताना विषाचा बराच भाग त्याच्या पेशीत बंद असतो. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि विष पाण्यात उतरले. तक्रार थांबवण्यासाठी केलेल्या उपायाने आजार घरोघर पोचवला.

हा नील-हरित प्रकार आपल्या हिरव्या केसांपेक्षा वेगळा आहे. बोलीत दोन्हींना शेवाळच म्हणतात, म्हणून घोळ होतो. कोल्हापूरचा रंकाळा अधूनमधून हिरवागार पडतो ती दाट साय आणि स्पायरोगायराचे पुंजके एक नव्हेत. ओळखायला घरगुती रीत आहे. पाण्यात काठी घालून उचला. काठीवर केसांसारखे लोंबले तर धाग्यांचे शेवाळ. काठीला ऑइल पेंट लागावा तसा हिरवा-निळसर लेप बसला तर सावध. दुसरी रीत म्हणजे हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाणी भरायचे आणि रात्रभर हलवायचे नाही. हिरवे बूड धरून बसले तर बहुधा साधे शेवाळ, वर तरंगून कडे धरले तर नील-हरित असण्याची शक्यता मोठी. ही चाचणी ढोबळ आहे. नील-हरितातही काही धाग्यांचे, काळपट, घाणेरड्या वासाचे प्रकार असतात. शंका आली तर ते पाणी माणसांना नाही, जनावरांना नाही आणि कुत्र्यालाही नाही. उकळून उपयोग होत नाही, कारण ही विषे उकळीला दाद देत नाहीत. फडक्याने गाळून तर नाहीच नाही. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये डायलिसिस केंद्राला असे दूषित पाणी पुरवले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. त्यांनी ते पाणी प्यायलेही नव्हते, ते यंत्रातून त्यांच्या रक्तापर्यंत गेले.

साधे धाग्यांचे शेवाळ मात्र विषारी नसते. हे मुद्दाम सांगतो, कारण पाणी हिरवे दिसले की घाबरून लोक ब्लीचिंग पावडरपासून फिनेलपर्यंत काहीही ओततात. मग त्याचा त्रास कशाने? एक तर ठिबकची जाळी आणि ड्रिपर तुंबतात, तो पैशाचा त्रास. आरोग्याचे त्रास दोन, आणि त्यातला एक जिवावरचा.

पहिला डासांचा. धाग्यांच्या गुंत्यात अळ्या सुरक्षित राहतात, गप्पी माशांनाही तिथे घुसता येत नाही. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात संशोधकांनी नदीच्या डोहांमधून हे शेवाळ नुसते हाताने काढून टाकले. त्यानंतर सुमारे सहा आठवडे तिथल्या हिवतापवाहक ॲनाफिलिस डासांच्या अळ्या ठळकपणे घटलेल्या आढळल्या. २००४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध नाही, फवारणी नाही, फक्त शेवाळ उपसले. आपल्याकडे डासांची जात वेगळी, पण आडोसा तोच.

दुसरा त्रास घसरण्याचा. शेततळ्याचा कागद मुळातच गुळगुळीत, त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर आणि एकास एकचा उतार. पाण्यात गेलेला माणूस काठाला हात लावू शकतो, पण चढू शकत नाही. पोहणाराही दमतो. वाचवायला उतरलेला दुसराही आत जातो. शेततळ्यात बुडून मुले गेल्याची, भावंडे गेल्याची, बाप-लेक गेल्याची बातमी वर्षातून किती वेळा वाचतो आपण! म्हणून शेवाळ काढण्याच्या कुठल्याही युक्तीआधी एक काम करायचे. चारही बाजूंना, काठावर पक्क्या खुंटाला बांधलेला, फुटाफुटावर गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडायचा. त्याच्या टोकाला ट्रॅक्टरची फुगवलेली जुनी ट्यूब किंवा बूच लावलेले रिकामे कॅन बांधायचे. भोवती कुंपण. आणि शेवाळ काढायला एकट्याने कधीही जायचे नाही, काठावर दुसरा माणूस हवाच. काकांच्या तळ्याला कुंपण होते, दोर नव्हता. त्या दुपारी मोरचुदावर बोलण्याआधी आम्ही दोर बांधला.

आता शेवाळाचे मूळ. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एक साधा, पण डोळे उघडणारा प्रयोग केला. ओंटारिओतल्या एका तलावाच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र घातले, एकीकडे त्याशिवाय फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा पहिल्यासारखाच राहिला. वरून काढलेले ते छायाचित्र पर्यावरणशास्त्राच्या कित्येक पुस्तकांत आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली, की गोड्या पाण्यातल्या शेवाळाची चावी बहुधा फॉस्फरसकडे असते.

आणि तो आपल्याकडे गोणीने मिळतो. अठरा-सेहेचाळीस म्हणजे डीएपी, त्यात वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढा फॉस्फरस असतो. तळ्याकाठी सांडलेल्या मूठभर, पन्नास ग्रॅम डीएपीत झाला दहा ग्रॅम. ढोबळ हिशेबाने एक किलो फॉस्फरसवर पाचशे किलो ओले शेवाळ वाढू शकते, म्हणजे या मुठीवर पाच किलो. काकांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि त्यांनी व्हेंच्युरीकडे बोट दाखवले. खत सोडायची टाकी तळ्याच्या अगदी बांधावर होती. मोटर बंद झाली की नळीतले खताचे पाणी उलटे ओढले जाऊन फुटव्हॉल्व्हमधून तळ्यात उतरायचे, आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता. पलीकडे गोठ्याचा उतार तळ्याकडे. पावसाळ्यात शेणाचे काळे पाणी कुठे जात असेल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. काठावरच धुण्याचा दगड. आणि वरच्या अंगाला नाशिकपासून खाली येताना गोदावरीत शहरांचे, गावांचे सांडपाणी मिसळलेले, ते कालव्यातून तळ्यात. नदीचे एका माणसाच्या हाती नाही. बाकी तिन्ही त्यांच्या हाती होते.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. पाण्याची वाफ होते, खताची होत नाही. पातळी उतरत जाते तसे उरलेले पाणी शेवाळासाठी अधिकाधिक सकस होत जाते.

मग करायचे काय? माझे मत विचाराल तर सर्वांत चांगले औषध म्हणजे काढणी. हसू नका. शेवाळ हे तळ्यातले पीक आहे. त्याने पाण्यातला फॉस्फरस आणि नत्र खाऊन स्वतःत साठवलेले असते. मारले तर ते परत पाण्यात जाते, काढले तर तळ्याबाहेर जाते. मोरचूद आणि काढणी यांत फरक एवढाच, पण सगळा.

वेळ दुपारी तीन-चारची, गादी वर आलेली असते तेव्हाची. लोखंडी दाताळे वापरायचे नाही, पाचशे मायक्रॉनचा कागद एका ओढीत फाटतो. लांब बांबूच्या टोकाला खराटा बांधायचा, पुंजक्यात घालायचा आणि शेवया गुंडाळाव्यात तसा फिरवायचा. धागे आपोआप गुंडाळले जातात. मोठ्या तळ्यात जुन्या शेडनेटची लांब पट्टी घेऊन दोघांनी समोरासमोरच्या काठांवरून ओढत आणायची. शेवाळाने बीजाणू धरायच्या आत, म्हणजे पुंजके हिरवे आणि ताजे असतानाच हे करायचे. पिवळट झाल्यावर उशीर झालेला असतो. मासे असतील तर एका दिवशी सगळे काढायचे नाही, तिसरा हिस्सा काढून चार दिवस थांबायचे. काढलेला ढीग तासभर काठावर राहू द्यायचा, त्यातली बेडकांची पिल्ले आणि चतुराच्या अळ्या, ज्या डासांच्या अळ्या खातात, त्यांना पाण्याकडे जायला वेळ मिळतो. पण काठावर विसरायचा नाही. पहिल्या पावसात त्याचा रस परत तळ्यात जाईल. पालापाचोळा मिसळून थेट खड्ड्यात किंवा झाडाच्या आळ्यात टाकायचा.

उजेड तोडणे हा दुसरा मार्ग. लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये एका जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले. उन्हाने पाण्यात होणारी घातक रासायनिक क्रिया रोखायला, शेवाळ रोखायला आणि बाष्पीभवन वाचवायला. आपल्याला चेंडू परवडणार नाहीत. पण लहान हौदावर शेडनेट ताणणे जमते, आणि पाणी उडून जाणे कमी होते हा वरचा फायदा. घरच्या कमळाच्या टाक्यात कमळाच्या किंवा कुमुदिनीच्या पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकले तर शेवाळ फारसे डोके काढत नाही. जलपर्णी मात्र आणू नका. ती खत खाते हे खरे, पण गोदावरीत तिने काय केले आहे ते नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर जाऊन पाहावे. ॲझोला हा त्याहून सभ्य पाहुणा. दुभत्या जनावरांसाठी तो आपल्याकडे वाढवतातच. छोट्या हौदात सोडून दर आठवड्याला काढून गायींना घातला तर फॉस्फरस दुधाच्या मार्गाने बाहेर जातो.

माशांबद्दल विचारणा नेहमी होते. गवत्या मासा कोवळे शेवाळ खातो, पण त्याला मऊ पाणवनस्पती जास्त आवडतात आणि जेवढे खातो त्यातला बराच भाग विष्ठेवाटे पाण्यातच सोडतो. चंदेरा पाण्यात विखुरलेले सूक्ष्म शेवाळ खातो, धागे नाही. आणि मासे सोडले की त्यांना खाद्य घालायचा मोह होतो, ते पुन्हा खतच. इंग्लंडमध्ये सातूचा पेंढा पाण्यात टाकण्याचा प्रयोग खूप गाजला. कुजताना त्यातून सुटणारी द्रव्ये नव्या शेवाळाची वाढ रोखतात असे दिसले, पण निकाल कधी चांगला, कधी काहीच नाही. आपल्याकडे कुणी गव्हाचा भुसा ओतून पाहू नये, पाणी सडेल तेवढे.

काकांनी मोरचुदाची पिशवी टाकली नाही, बोर्डोसाठी ठेवली. ते योग्यच. व्हेंच्युरीची टाकी तळ्यापासून दूर गेली आणि वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसला. गोठ्याच्या बाजूला त्यांच्या मुलाने फूटभर खोल चर काढून पाणी गजराज गवताकडे वळवले. प्यायचे पाणी तळ्यातून घ्यायचे नाही, हे मात्र वहिनींनी एकटीने ठरवले आणि कुणाला विचारलेही नाही. मोटरचे सक्शन तळाशी होते, ते आता रिकाम्या कॅनला बांधून पृष्ठभागापासून दीड फूट खाली तरंगत ठेवले आहे, त्यामुळे वरची गादीही येत नाही आणि तळाचा गाळही नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा गेलो तेव्हा तळे निम्म्यावर होते. शेवाळ होतेच. ते जाणार नव्हते, जाईल असे मी सांगितलेही नव्हते. पण घोंगड्या नव्हत्या, ताटे होती. जाळी दोन दिवसांतून एकदा धुतात, असे काका म्हणाले. पेरूच्या आळ्यात वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे पडले होते, करड्या रंगाचे, जुन्या वहीच्या कागदासारखे. नातवाने एक उचलून उन्हात धरला. त्यातून उजेड आरपार येत होता आणि प्रत्येक धागा वेगळा मोजता येत होता.